शेती न येणाऱ्या शिक्षकाने शेतीतून विज्ञान कसं शिकवावं?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित आणि विज्ञान शिकवते. विज्ञानाला शेतीची आणि अन्नाची जोड द्या, असं आता सगळीकडे सांगतात. पण मी शहरात वाढले. वर्गातल्या निम्म्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त शेती कळते. मग मी नेमकं काय शिकून घ्यावं?

उत्तर : पेरणी-कोळपणी मुलांना येते, ती तुम्हाला आली नाही तरी चालेल. शेतात पावलोपावली जे हिशेब पडतात ते ओळखायला शिका आणि त्यातला एखादा तरी स्वतःच्या हाताने पुरा करा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हेच राहून जातं, असं मला वाटतं. दोन दिवस भाषणं होतात, परसबागेचे फोटो दाखवतात आणि शाळेत परतल्यावर बागेतलं तण मुलांकडून काढून घेतलं जातं. त्यात श्रम होतात, विज्ञान मात्र होत नाही.

सोयाबीनची उगवणक्षमता घ्या. पोत्यातले शंभर दाणे न निवडता काढायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवायची आणि आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. साठच उगवले तर? ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. आठवीच्या पुस्तकातलं व्यस्त चलन ते हेच.

खरी गंमत पुढे आहे. एकाच पोत्यातून पाच गटांनी शंभर-शंभर दाणे घेतले, तर एकाचे ६६ उगवतील, दुसऱ्याचे ७३. मुलं म्हणतील, कोणाचं तरी चुकलं. कोणाचंच चुकलेलं नसतं. शंभराच्या नमुन्यात खऱ्या आकड्यापासून चार-पाचांचा फरक इकडे किंवा तिकडे सहज पडतो. म्हणून एका चाचणीवर विसंबायचं नाही, दोन-तीन नमुन्यांची सरासरी काढायची. संख्याशास्त्राचा इतका स्वच्छ धडा फळ्यावर उभा करणं फार अवघड आहे. सोयाबीनच का दगावतं, हा जीवशास्त्राचा प्रश्नही इथेच येतो : त्याचं टरफल पातळ असतं आणि अंकुर टरफलाच्या लगेच आत असतो, त्यामुळे मळणीत किंवा पोती आपटताना तो दुखावतो.

घरातलं अन्नही असंच कामाला येतं. मेथी वाळत घालून रोज वजन करा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंतचा आलेख काढा. पावसाचं म्हणाल, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. हे मुलांना आधी सांगू नका, काढू द्या.

राहिली शेतीच्या अनुभवाची बाब. तिचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रमाने फार पूर्वी शोधलं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इलिनॉय विद्यापीठात खाद्य तंत्रज्ञानात डॉक्टरेट केली, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलं आणि १९८३ मध्ये हा आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या ‘आयबीटी’ (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातून एक दिवस शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य यांतली कामं हाताने करतात, आणि शिकवायला गावातलेच कसबी लोक निदेशक म्हणून येतात. सगळं एकट्या शिक्षकाला आलंच पाहिजे, हा हट्ट तिथे नाही. शिक्षकांचं प्रशिक्षणही असंच व्हावं : एका टेबलाशी विज्ञानाचे शिक्षक आणि गावातला शेतकरी, दोघांसमोर एकच गोणपाट. बियाणं कोणत्या पोत्यातून घ्यायचं ते त्याला ठाऊक, नमुना किती मोठा हवा ते तुम्हाला.

तुमच्या शाळेत हे सुरू करायचं असेल, तर मे संपण्याआधी करा. एखाद्या पालकाकडून यंदा पेरायचंच बियाणं मागून घ्या आणि आलेला आकडा पेरणीआधी त्यांना कळवा. त्या आकड्यावर एका घराचा खरीप अवलंबून आहे म्हटल्यावर मुलं दाणे दोनदा मोजतात.