शॉकअप गळतोय? आधी पाईप बघ

भाच्या, सील आणायला दुकानात पळू नकोस. आधी घरातला एखादा जुना एक्स-रे शोध, कुणाचा ना कुणाचा असतोच. त्याची बोटभर रुंद पट्टी काप, टोकाशी छोटा आकडा ठेव आणि कडा पॉलिश पेपरने घासून घे. पुढच्या शॉकअपवरचं डस्ट सील बोथट स्क्रूड्रायव्हरने अलगद वर कर. मग पाईप आणि ऑइल सील यांच्यामधून पट्टी आत सरकव, पाईपभोवती फिरव आणि वर ओढून घे. पावसात कुंभार्ली घाट उतरून येतोस तेव्हा चाकाने उडवलेला लाल चिखल पाईपवरच वाळतो. त्यातला एक कण सीलच्या लिपखाली शिरला तरी तेल झिरपायला पुरतं. पाईप पुसून दोन दिवस गाडी चालव. तेलाची रेघ पुन्हा उमटली, तरच पाने काढ.

सील आपण होऊन क्वचितच फाटतं, त्याला फाडतो तो पाईप. म्हणून सील जिथून वरखाली फिरतं त्या भागावर कापसाचा बोळा फिरव. तंतू अडकला की समज, तिथे गंजाचा खड्डा किंवा खडीचा टोचा आहे. टोच्याचं वर आलेलं टोक 1000 नंबरच्या पेपरने, तेल लावून, पाईपभोवती आडवं घास. उभं घासलंस तर प्रत्येक ओरखडा तेलाला बाहेर यायची वाट करून देतो. क्रोमच उडालं असेल तर मात्र नवा पाईप घे. तिथे पैसे वाचवायला गेलास की महिन्याभरात दुसरं सील लागणार. पाईप सुटा झाला की ओट्याच्या गुळगुळीत कडप्प्यावर लोळवून बघ. डुगडुगला तर वाकलाय.

खोलण्यात फार विद्या नाही, क्रम तेवढा चुकवू नकोस. गाडी मेन स्टँडवर घे, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा दे. वरच्या टीचा, म्हणजे हँडलखालच्या क्लॅम्पचा, बोल्ट ढिला केल्याशिवाय शॉकअपच्या टोपणाला पाना लावू नकोस, आणि टोपणही आत्ता नुसतं सैल कर. चाक काढलंस की कुणाला तरी बॉटम, म्हणजे शॉकअपचा खालचा भाग, वर दाबून धरायला सांग आणि खालचा एलन बोल्ट तेव्हाच सैल कर. आतल्या स्प्रिंगचा दाब असतो तोवर तो सुटतो. शॉकअप हातात आल्यावर बोल्टबरोबर आतला रॉडही गरागरा फिरत बसतो. टोपण पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेव, त्याखाली स्प्रिंग दाबलेली असते. डिस्कचा कॅलिपर तारेने बांध, नळीवर लोंबकळू देऊ नकोस. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर कुणी दाबायचा नाही. घरात पोरं असली तर हे आधीच सांगून ठेव.

जुनं सील उचकटण्याआधी त्यावरचं तारेचं लॉक काढ. बॉटमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या काठावर लाकडाची चिप ठेवून मगच टेकू दे, तो काठ फार मऊ असतो.

आता नवं सील, सगळी मेख इथेच आहे. पाईपच्या वरच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळ, वरून शॉकअप ऑइल चोळ, मग सील सरकव. कोरड्या धारेवरून नेलंस तर लिप तिथेच कापली जाते. नंबर छापलेली बाजू वर, बारीक स्प्रिंग दिसते ती खाली, तेलाकडे. जुनं सील एका बाजूने कापून नव्यावर ठेव आणि मापाच्या पीव्हीसी पाईपने सगळीकडून सारखं ठोक. आवाज बदलून टणक झाला आणि लॉकची खाच पूर्ण दिसली की हात थांबव.

एलन बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवा घाल, नाहीतर तेल खालून गळेल आणि बोल सीलला लागेल. तेल मात्र शॉकअपचंच, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं. इंजिन ऑइल ओतणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज आण आणि मॅन्युअलमधल्या मापाने दोन्ही बाजूंना सारखंच भर. ‘थोडं जास्त असू दे’ हा विचार इथे नडतो. वर हवेला जागा उरली नाही की खड्ड्यात दाब वाढतो आणि तुझं नवं सील उचलतो. एकच बाजू गळत असली तरी सील दोन्हीकडची बदल. काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजला दे, बांधावर ओतू नकोस.

जोडताना अ‍ॅक्सलच्या टोकाचा क्लॅम्प शेवटी आवळ. त्याआधी चाक जमिनीवर घेऊन पुढचा भाग चारपाच वेळा दाब, म्हणजे दोन्ही पाय आपल्या जागी बसतात. ब्रेक पॅड तेलात भिजले असतील तर धुऊन वापरू नकोस, नवे घे, आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पूस. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक लागेपर्यंत पंप कर.

पहिल्या दिवशी पाईपवर जरा ओल दिसेल, ते लावताना चोळलेलं तेल. पुसून टाक. पूर्वी बऱ्याच गाड्यांना शॉकअपवर रबरी बूट असायचे. दिसायला बावळट, पण चिखल बाहेर ठेवायचे. मिळाले तर बसव, फक्त पावसाळा संपला की वर करून आत बघ. पाणी साचलं तर तिथेच पाईप गंजतो.