मोरी तुंबली की आधी जाळी काढा

जवाहरनगर म्हटले की भंडारा जिल्ह्यात आयुध निर्माणी आठवते. दारूगोळ्याला लागणारी प्रणोदके आणि स्फोटके बनवणारा हा कारखाना. अशा ठिकाणी ॲसिड हाताळायचे तर हातमोजे आणि चष्मा आधी, काम नंतर. ही शिस्त घरच्या न्हाणीघरापर्यंत मात्र क्वचितच पोचते. मोरी तुंबली की दुकानातून ॲसिडची बाटली येते आणि उघड्या हातांनी, उकिडवे बसून ओतली जाते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी नेमके हेच झाले. शॉवर सुरू केला की पाणी घोट्यापर्यंत साचायचे. बोलावलेल्या मिस्त्रीने जाळीला हातही न लावता ॲसिड ओतले. सकाळीच तिथे ब्लीचिंग पावडर टाकलेली होती. त्याने विचारले नाही आणि कोणी सांगेपर्यंत बाटली रिकामी झाली. घसा ओरबाडणारा वास उठला. मिस्त्री खोकत बाहेर, घरातली सगळी मंडळी अंगणात. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारा. आणि मोरी साफ करणाऱ्याचे नाकही तिथेच असते. सुदैवाने कोणाला दवाखान्यात न्यावे लागले नाही.

पाणी मात्र होते तसेच साचलेले.

त्याचे कारण साधे आहे. न्हाणीघराची मोरी बहुधा केसांनी तुंबते, आणि बाजारातल्या ॲसिडने केस विरघळत नाहीत. फरशीच्या सांध्यांतले सिमेंट मात्र ते खाते, जाळीची चकाकीही घालवते. केस विरघळवतो तो कॉस्टिक सोडा. पण पाण्यात पडताच तो प्रचंड तापतो, आणि थेंब डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला जोरदार असतो, केसांचे तो काहीच वाकडे करत नाही. उकळते पाणीही नको: पीव्हीसी पाईप 80 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो. हाताला सोसेल इतके गरम पाणी पुरे.

दुसऱ्या दिवशी आलेल्या वयस्कर प्लंबरने पहिलेच वाक्य टाकले, "भाऊ, ॲसिड ठेवा बाजूला, जाळी काढू आधी." भरपूर पाणी सोडून त्याने आदल्या दिवशीचे ॲसिड धुऊन काढले, रबरी हातमोजे चढवले, पेचकसाने जाळी उचकटली आणि आतला कप उचलला. टोकाला आकडा केलेली तार खाली सोडून फिरवली, तेव्हा हातभर लांबीचा, करडा, गिळगिळीत केसांचा गुंता वर आला. त्यात साबणाचा चिकटा, डोक्याच्या तेलाचा थर आणि शॅम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो, तो केसांना धरून ठेवतो. बाकी सगळे त्याच्यावर अडकत जाते.

हे काम कोणालाही घरी जमते. जाळी आणि कप काढा, हाताला लागेल तो गाळ उपसा, मग तार फिरवा. तरीही पाणी अडले तर रबरी प्लंजर लावा. तो बुडेल इतके पाणी मोरीत ठेवा आणि झटके द्या. बाथटब असेल तर वरच्या बाजूचे जादा पाणी जाण्याचे भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथूनच निसटतो. आधी एखादे रसायन ओतले असेल तर प्लंजर वापरू नका, आणि प्लंबर आला तर त्याला ते पहिल्यांदा सांगा.

काम झाल्यावर कप पुन्हा बसवायचाच. पाणी भराभर जाते म्हणून कित्येक जण तो फेकून देतात आणि मग घरात वास येतो, झुरळे येतात. कपाभोवती किंवा न्हाणी ट्रॅपच्या बाकात साचलेले पाणी गटाराची हवा अडवते. पाईपला बाक देऊन पाणी अडवण्याच्या या युक्तीचे पेटंट लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये घेतले. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. तपासात न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप हे त्यामागचे एक प्रमुख कारण ठरले. विदर्भातल्या उन्हाळ्यात घर बंद करून गावाला गेलात तर हे पाणी आटतेच. परत आल्यावर प्रत्येक मोरीत आधी तांब्याभर पाणी ओता.

तुंबारा कुठे आहे हेही ओळखता येते. एकच मोरी अडली असेल तर दोष तिथलाच. मोरी, बेसिन, संडास सगळेच एकदम मंदावले आणि गुडगुड आवाज येऊ लागला तर बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडा. चेंबर रिकामे असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये. भरलेले असेल तर पुढे, कदाचित सेप्टिक टँकमध्ये.

टँक भरला असेल तर उपसणारी गाडीच बोलवा. कोणालाही, कितीही पैसे देऊन, आत उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टँक साफ करून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. आत साचलेला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली आहे.