बेरजेचा आलेख काढण्याआधी

जागतिक हवामानाच्या एका मॉडेलवर आम्ही काम करत होतो. पृथ्वीचे तुकडे शेकडो प्रोसेसना वाटलेले, पण कोअर वाढवूनही रन म्हणावा तसा लवकर संपेना. हाताशी होता एक स्तंभालेख: चोवीस तासांच्या अंदाजात कोणत्या प्रोसेसने एकूण किती वेळ काम केलं. सगळे स्तंभ जवळपास एकाच उंचीचे. कामाची वाटणी ठीक आहे असं बैठकीत ठरलं आणि संशय नेटवर्कवर गेला.

दोष वाटणीतच होता. थेट सूर्यप्रकाशाच्या प्रारणाचं गणित फक्त उजेडातल्या भागासाठी करावं लागतं. दिवसाच्या बाजूच्या प्रोसेस त्यात अडकलेल्या असताना रात्रीच्या बाजूच्या आपलं काम उरकून खोळंबलेल्या असतात. मॉडेलमधला सूर्य सरकला की पाळी बदलते. दिवसभराची बेरीज केली की हिशेब बरोबर जुळतो, आणि पावलोपावली वाया गेलेला वेळ त्यात बुडून जातो. सीपीयूच्या वापराचा आकडाही इथे कामाचा नाही. एमपीआयमध्ये खोळंबलेली प्रोसेस बहुधा निरोप आला का हेच सतत तपासत असते, त्यामुळे तिचा कोअर शंभर टक्के व्यग्र दिसतो.

तेव्हा आधी टाइमलाइन काढा: आडवा वेळ, उभ्या प्रोसेस, खोळंब्याला वेगळा रंग. वाम्पिर, पॅराव्हर ही साधनं ती काढून देतात. मात्र प्रोसेस क्रमांकाने लावल्या तर नुसते विखुरलेले तुकडे दिसू शकतात. रेखांशाप्रमाणे लावल्या की कामाचा पट्टा तिरका सरकताना स्पष्ट दिसतो. उपायही तिथेच सुचतो: प्रत्येकीला थोडा दिवस, थोडी रात्र द्यायची. त्यासाठी डेटाची ने-आण वाढते, तीही मोजावी.

खोळंब्याचा रंग जिथे गडद, तिथेच चूक शोधू नका. सगळ्यांत कमी थांबलेली प्रोसेसच बहुतेकदा बाकीच्यांना थांबवत असते. प्रोसेस हजारोंनी असल्या की पडद्यावरच्या एका ओळीत अनेक कोंबाव्या लागतात. त्या ओळीत कामाच्या वेळेची सरासरी नको, कमाल दाखवा. रेंगाळणारी एकटी असली तरी ती दिसलीच पाहिजे. लाल-हिरवी जोडी टाळा, अनेकांना त्यातला फरक कळत नाही.

आणि वेगवाढीचा आलेख देताना शेजारी सेकंद द्याच. एका कोअरवरचा मूळ प्रोग्राम जितका संथ, तितकी वेगवाढ देखणी. डेव्हिड बेली यांनी 1991 मध्येच समांतर संगणकांच्या आकड्यांनी लोकांना फसवायच्या बारा क्लृप्त्या उपरोधाने लिहून ठेवल्या, तरी सेकंद गाळलेले आलेख अजून माझ्यासमोर येतात. ते मी परत पाठवतो.