हत्यारांची पारख

घरच्या दुचाकीची अथवा मोटारीची किरकोळ दुरुस्ती आपल्या हातांनी करावी, अशी हौस अनेकांना असते. ही हौस स्तुत्य आहे. तिच्यामुळे पैसा वाचतो आणि यंत्राशी ओळखही होते. परंतु हौसेच्या भरात पुष्कळ जण बाजारातून चाळीस-पन्नास हत्यारांची चकचकीत पेटी घेऊन येतात आणि नेमका हवा तो पाना तीत सापडत नाही.

म्हणून हत्यार घेण्यापूर्वी गाडीचे नट व बोल्ट पाहावेत. पान्यावर कोरलेला आकडा हा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतर दाखवितो. आजच्या गाड्यांना 10, 12, 13, 14 आणि 17 मिलिमीटरचे पाने वारंवार लागतात. जुन्या जीपगाड्यांवर मात्र इंचांची मापे आढळतात. अर्ध्या इंचाचा नट 12.7 मिलिमीटर भरतो. त्यावर 13 मिलिमीटरचा पाना बसतो खरा. पण किंचित फट राहते. नट घट्ट असला, की एवढ्याशा फटीने पाना निसटतो, नटाचे कोपरे झिजतात आणि जोर लावणाऱ्याची बोटे सोलवटतात.

फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना त्याला वेढून सहाही कोपऱ्यांवर जोर वाटून देतो. यास्तव घट्ट नट रिंग पान्यानेच सैल करावा. पक्कड ही वस्तू धरण्यासाठी आहे, नट फिरविण्यासाठी नव्हे. पेचकसाचे टोकही स्क्रूची खाच पूर्ण भरणारे असावे.

पान्याच्या लांबीलाही अर्थ आहे. दांडा दुप्पट लांब केला, तर तेवढ्याच जोराने नटावर दुप्पट पीळ पडतो. म्हणूनच लहान मापाचा पाना आखूड घडविलेला असतो. त्याला नळी जोडून लांबी वाढविणारा मनुष्य बारीक बोल्ट हकनाक मोडून बसतो.

नरम लोखंडाच्या पान्याचे तोंड जोर पडताच फाकते. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा चांगला पाना वर्षानुवर्षे टिकतो. तेव्हा हत्यारे थोडीच घ्यावीत. पण मापाची आणि कसाची घ्यावीत.

मात्र ब्रेक आणि सुकाणू यांवर बसणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात. तेथील काम शिकल्यावाचून करू नये. ते जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. हत्यार विकत मिळते. हाताला आलेले कसब विकत मिळत नाही. आपल्या कौशल्याची मर्यादा ओळखणे, हीदेखील हत्यारांच्या निवडीइतकीच महत्त्वाची पारख होय.