गोगावलेंच्या चरित्रात न्यायालयाचा निकाल

प्रश्न : आमचे आमदार भरत गोगावले यांच्या विकिपीडियावरील चरित्रात प्रतोदपदाचा निकाल घालायचा आहे. मित्र म्हणतो, प्रतिकूल लिहिणं म्हणजे पक्षपात. खरं का?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : नाही. निःसंकोच घाला, फक्त अर्धवट नको. शिवसेनेचे प्रतोद म्हणून त्यांना विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. पुढे १० जानेवारी २०२४ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी गोगावलेंची नियुक्ती वैध ठरवली. दोन्ही लिहा, बातम्यांचे संदर्भ जोडा, विशेषणं गाळा. लेख गुळमुळीत होईल म्हणाल, तर या तारखा पुरेशा बोलक्या आहेत. कुणी मजकूर काढलाच, तर हट्टाने परत घालू नका. चर्चापानावर कारण मांडा. कुठल्या पक्षाचे कार्यकर्ते असाल, तर तेही तिथे आधीच सांगून टाका.