प्रश्नपरीक्षा आणि दाहदर्शक रक्ततपासण्या

सुश्रुताचार्यांनी स्वस्थाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्याबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली आहे. ही प्रसन्नता रुग्णास विचारल्यावाचून कळत नाही. “एकंदरीत आपली प्रकृती कशी आहे?” या साध्या प्रश्नाचे मोल आधुनिक संशोधनानेही मान्य केले आहे. आयडलर व बेन्यामिनी यांनी १९९७ साली २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतील बहुतेक अभ्यासांत, ज्ञात आजार हिशेबात घेऊनही, प्रकृती वाईट सांगणाऱ्यांत पुढील काळातील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

असे का व्हावे? शरीरात दाह असता इंटरल्यूकिन व टीएनएफ-अल्फा हे घटक मेंदूवर परिणाम करून ग्लानी, अरुची व अंगाचा जडपणा उत्पन्न करतात. स्वीडनमधील २००४ सालच्या अभ्यासात प्रकृती वाईट सांगणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात असे घटक अधिक आढळले. सामावस्थेतील गौरव, आलस्य व अरुची येथे वैद्यबंधूंना सहज आठवतील. तथापि ‘सीआरपी म्हणजे आम’ असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून जंतुसंसर्ग, आघात, स्थौल्य, धूम्रपान अशा अनेक कारणांनी ते वाढते.

नवापूर परिसरात दोन गोष्टींचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट रुग्णाच्या उत्तराची. अमर्त्य सेन यांनी २००२ साली दाखवून दिले, की आयुर्मान अधिक असलेल्या केरळात लोक आजाराची तक्रार अधिक करतात, तर बिहारमध्ये कमी. जेथे दुखणे अंगवळणी पडले आहे तेथे “बरं आहे” हे उत्तर आरोग्याचा पुरावा ठरत नाही. मावची वा भिली बोलणाऱ्या रुग्णास त्याच्याच बोलीत, कामाचा उरक, भूक व झोप यांविषयी विचारावे.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्या आदिवासी भागात हा विकार मोठ्या प्रमाणात आढळतो. यात कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींवर बसत नाहीत. त्यामुळे दाह असूनही ईएसआर कमी येऊ शकतो. उलट इतर पांडुरोगात दाह नसतानाही तो वाढलेला दिसतो. केवळ ईएसआर पाहून सांधे दुखणाऱ्या मुलास निरोगी ठरविणे म्हणूनच धोक्याचे आहे. अशा वेळी सिकलसेलची तपासणी व सीआरपी करून घ्यावे. सिकलसेलमध्ये वेदनेचा झटका नसतानाही सीआरपी किंचित वाढलेले असू शकते. म्हणून त्याच रुग्णाच्या पूर्वीच्या अहवालाशी तुलना करावी. ज्वर, छातीत वेदना वा श्वासकष्ट असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेते बंधूंसही आमची नम्र विनंती आहे. एकच ग्राहक वरचेवर वेदनाशामक गोळ्या मागू लागला, तर तीही प्रकृतीची तक्रारच समजून त्यास वैद्याकडे पाठवावे. स्टिरॉइडने सीआरपी उतरते, मूळ व्याधी मात्र तशीच राहू शकते.

रुग्णपत्रिकेत नाडी, जिव्हा यांच्या नोंदीबरोबर ‘उत्तम, चांगली, मध्यम, वाईट, अतिवाईट’ यांपैकी रुग्णाचे उत्तर प्रत्येक भेटीत लिहावे. उत्तर व अहवाल यांत विसंगती दिसल्यास दोहोंपैकी एकही टाकून न देता रुग्णाची पुन्हा परीक्षा करावी, असे आम्हास वाटते.