रोखलेले बोट

भिंतीवर चिकटवलेल्या मोठ्या चित्रमय जाहिरातीला मराठीत 'भित्तिपत्रक' म्हणतात. उर्दूत तुम्ही तिला 'इश्तिहार' म्हणता. सर्कशीची, निवडणुकीची भित्तिपत्रके तुम्ही पाहिली असतील. पण भित्तिपत्रकांनी माणसांना लढाईवरही पाठवले आहे. कसे, ते पाहू या.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. तेव्हा ब्रिटनमध्ये सैन्यात जाण्याची सक्ती नव्हती. तरुणांनी आपण होऊन भरती व्हावे, म्हणून सरकारने भिंतींचा आधार घेतला.

त्या वर्षी आल्फ्रेड लीट या चित्रकाराने युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे चित्र काढले. भरघोस मिशा, करारी नजर आणि समोर रोखलेले बोट! देशाला तुमची गरज आहे, असा त्याचा संदेश होता. पाहणारा कोठेही उभा राहिला, तरी बोट आपल्याकडेच आहे असे त्याला वाटे. गर्दीतल्या एकेकाला जणू वेगळी हाक मारलेली होती.

१९१५ सालचे एक भित्तिपत्रक याहून निराळे आहे. वडील खुर्चीत बसले आहेत. मांडीवरची मुलगी विचारते, "बाबा, महायुद्धात तुम्ही काय केले?" मुलगा जमिनीवर खेळण्यातले सैनिक मांडत आहे. वडील मात्र गप्प आहेत. चित्रात तोफ नाही, शत्रू नाही. आहे ती फक्त शरम. माणूस धाकाला भीत नसेल, पण मुलांसमोर मान खाली घालायला भितो.

आपल्या देशातही अशी भित्तिपत्रके लागली. एकावर उर्दूत प्रश्न होता : हा रुपया, ही बंदूक, ही वर्दी कोण घेणार? उत्तरही तेथेच होते : जो ताबडतोब भरती होईल तो! येथे राज्य परक्यांचे होते. म्हणून गरिबाला पगार आणि मान दाखवला.

केवळ चित्रे पाहून सगळे भरती झाले, असे मात्र नाही. कोणी बेकारीमुळे गेले, कोणी मित्रांबरोबर गेले. ब्रिटनमध्ये सुमारे २५ लाख तरुण स्वेच्छेने भरती झाले. तरीही सैन्य अपुरे पडले आणि १९१६ मध्ये सक्तीचा कायदा करावा लागला.

या भित्तिपत्रकांनी काय दाखवले नाही, हेही लक्षात घ्या. खंदकातला चिखल, विषारी वायू, घरी वाट पाहणारी आई त्यांत कोठेच नव्हती. भारतातून १० लाखांहून अधिक माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली. ७० हजारांहून अधिक भारतीय सैनिक मरण पावले.

आज असे संदेश भिंतीवरून मोबाईलवर आले आहेत. संदेश वाचून राग, भीती किंवा लाज वाटली, तर क्षणभर थांबा. स्वतःला विचारा : हे कोण सांगत आहे? त्याला माझ्याकडून काय हवे आहे? त्याने काय लपवले आहे?

शब्दार्थ
सक्ती – जबरदस्ती
करारी – ठाम, कणखर
स्वेच्छेने – आपल्या मर्जीने
खंदक – लपून लढण्यासाठी खणलेला लांब चर

स्वाध्याय
१. मुलीचा प्रश्न ऐकून वडील गप्प का आहेत?
२. ब्रिटनमधील आणि भारतातील आवाहनांत कोणता फरक होता?
३. तुम्ही पाहिलेल्या एका जाहिरातीने काय दाखवले व काय लपवले, ते पाच वाक्यांत लिहा.